बीदरची पेठ आणि सौदागर वजीर

जनवाडा आणि आसपासच्या गावांतील लोक बाजारहाटासाठी पिढ्यान्‌पिढ्या बीदरची वाट धरीत आले आहेत. ज्या शहराकडे ही वाट जाते, त्याच्या तटाच्या एका वेशीला शहागंज म्हणतात आणि दुसरीला मंगळपेठ. गंज म्हणजे बाजार आणि पेठ म्हणजे व्यापाऱ्यांची वस्ती. सुलतानांच्या राजधानीने आपल्या वेशींना बाजारांची नावे द्यावी, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पंधराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अहमदशहा वली बहामनी याने गुलबर्गा सोडून बीदर ही राजधानी केली. राजधानी हलवून दरबार हलतो, सैन्य हलते. पण सराफ, बजाज आणि कारागीर हुकमाने येत नाहीत, आले तरी टिकत नाहीत. मराठी मुलखात पुढे पेशवाईत नवी पेठ वसवताना सरकार शेटे-महाजनांना कौल देई, काही वर्षे जकात व पट्ट्या माफ करी, बाजाराचा वार नेमून देई. म्हणजे व्यापारी हा आर्जवाने आणावयाचा पाहुणा आहे, हे त्या काळचे राज्यकर्ते पुरते ओळखून होते. बीदरमध्ये हे आर्जव दगडात आणि पाण्यात दिसते. चार रस्ते जेथे मिळतात तेथे चौबारा हा गोल बुरूज उभा आहे. त्याच्या भोवती शहर आणि बाजार पसरला. पठार उंच व जमीन खडकाळ, तेव्हा नौबादजवळ भूमिगत कालवा खोदून, ठिकठिकाणी उभ्या विहिरी पाडून, पाणी वस्तीपर्यंत आणले. या कालव्याला कारेझ म्हणतात. ही विद्या इराणची. पाण्याची सोय नसलेल्या शहरात घोड्यांचे तांडे उतरत नाहीत.

आणि बीदरचा मुख्य व्यापार घोड्यांचाच होता. दख्खनच्या हवेत उत्तम घोडा निपजत नसे; तो अरबस्तान व इराणातून चौल, दाभोळ, गोवा या बंदरांत उतरे. अशाच व्यापाराच्या निमित्ताने गीलान प्रांतातील महमूद गावान हा गृहस्थ दाभोळास उतरून बीदरला आला आणि वजीरपदापर्यंत चढला. हुमायूनशहाने त्याला ‘मलिक-उत्‌-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा अधिपती, हा किताब दिला. राज्याच्या सर्वोच्च मानकऱ्यांत सौदागराची गणना व्हावी, हा प्रकार त्या काळी थोडा नव्हे. फिरिश्ता सांगतो की, गावान स्वतःचा खर्च आपल्या व्यापारी भांडवलाच्या नफ्यातून चालवी. त्याने १४७२ मध्ये बांधलेला मदरसा आजही बीदरमध्ये उभा आहे, आणि त्याच वर्षी त्याने विजयनगरच्या ताब्यातील गोवा घेतला. त्या मोहिमेला लष्करी पराक्रम म्हणणे सोपे आहे. पण बंदर हाती आले म्हणजे घोडा कोणाच्या पागेत जावयाचा हेही हाती येते, हे सौदागराच्या नजरेला आधी दिसले असले पाहिजे.

याच सुमारास अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला. जुन्नरच्या खानाने तो घोडा काढून घेतला आणि चार दिवसांत मुसलमान झालास तर घोडा व वर हजार मोहरा देईन, असे सांगितले. मुहम्मद नावाचा एक खुरासानी सद्‌गृहस्थ मध्ये पडला म्हणून घोडा परत मिळाला. बिचाऱ्याने तो पुढे बीदरमध्ये विकला. त्याच्या लिखाणात जकातीच्या भारी ओझ्याची कुरकूर आहे, तशीच आळंदच्या जत्रेची वाखाणणीही आहे: पिराच्या स्थानी वर्षातून एकदा दहा दिवस बाजार भरे आणि वीस हजारांपर्यंत घोडे विकावयास येत, असे तो लिहितो. आकडा कदाचित प्रवाशाच्या उत्साहाचा असेल. परंतु एका बाजूला जत्रेचे अभय आणि दुसऱ्या बाजूला अंमलदाराची लहर, हे दोन्ही अनुभव एकाच माणसाला एकाच राज्यात आले. निकितीनला न्याय मिळाला तो कायद्याने नव्हे, एका भल्या माणसाच्या शब्दाने. आणि अशा शब्दावर दर वर्षी भरवसा ठेवून कोणी भांडवल गुंतवीत नाही.

तो शब्द १४८१ मध्ये तुटला. दरबारातील दख्खनी व परदेशी यांच्या वैमनस्यात बनावट पत्राच्या आरोपावरून सुलतानाने गावानचा शिरच्छेद करविला. नंतर सुलतानाने त्याचा खजिना शोधविला, तेव्हा हाती फारसे काही लागले नाही. पुढच्या दोन पिढ्यांत बहामनी राज्याचे पाच तुकडे झाले. बीदर बरीदशाहीकडे राहिले आणि १६१९ मध्ये विजापूरकरांनी तीही संपविली.

घोड्यांचा बाजार असा गेला. राहिले ते बीदरी काम. जस्त व थोडे तांबे यांचा ओतीव घाट, त्यावर कोरून बसविलेली चांदीची तार, आणि शेवटी किल्ल्याच्या जुन्या मातीत नवसागर मिसळून दिलेला काळा रंग. चांदी मात्र तशीच पांढरी राहते. दरबार गेला, गिऱ्हाईक बदलले, तरी हा धंदा १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात पोचला. २००६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२३ मध्ये बीदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री देण्यात आली.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बीदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहीराबाद व नारायणखेड आंध्रात, आणि बीदर, भालकी, औराद म्हैसूरकडे. जुन्या बाजारवाटांवर नवी राज्यसीमा आली. बीदर ते कलबुर्गी ही आगगाडी २०१७ मध्ये सुरू झाली, म्हणजे अहमदशहाने सोडलेली राजधानी आणि त्याने वसविलेली राजधानी यांना रुळांनी जोडावयास जवळजवळ सहाशे वर्षे लागली.