गाडी जुनी, इंजिन नवे

वाचकहो, इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले उभे राहतात, तहनामे येतात, सनावळ्या येतात. यंत्राचा इतिहास आपण सहसा वाचत नाही. लोखंडाला कसला आला आहे इतिहास, असे आपल्याला वाटते. पण यंत्रालाही कूळ असते, सोयरीक असते, आणि त्याच्यावरही काळाचे घाव पडतात. आज अशाच एका जपानी मोटारीची हकीकत आपल्यापुढे ठेवतो. तिचे नाव डॅटसन 240 झेड. जगभरच्या हौशी लोकांनी या गाडीचे मूळ इंजिन उतरवून तिच्यात दुसरेच इंजिन बसवले. त्यांनी बरे केले की वाईट केले, हे आपण शेवटी ठरवू. आधी गाडीची ओळख करून घेऊ.

डॅटसन हे नाव आपल्याला अगदीच परके नाही. 2014 ते 2022 या काळात या नावाच्या लहान मोटारी आपल्या देशातही विकल्या जात होत्या. हे नाव आले कोठून? 1911 साली हाशिमोतो मासुजिरो नावाच्या इंजिनियराने तोक्योत मोटारींचा एक लहानसा कारखाना काढला. डेन, आओयामा आणि ताकेउची या तीन गृहस्थांनी त्याला भांडवलाची मदत केली. या तिघांच्या नावांची आद्याक्षरे जोडून 1914 च्या गाडीला 'डॅट' हे नाव दिले. पुढे 1931 मध्ये तिच्याहून लहान गाडी निघाली. ती डॅटचा मुलगा, म्हणून इंग्रजी 'सन' हा शब्द जोडून तिला 'डॅटसन' म्हटले. पण गंमत पाहा, जपानी भाषेत याच उच्चाराच्या जवळचा एक शब्द आहे आणि त्याचा अर्थ होतो तोटा! विकायच्या वस्तूला तोट्याचे नाव कोण ठेवील? तेव्हा एक अक्षर बदलून मुलाचा सूर्य केला. पुढे हा कारखाना निसान कंपनीकडे आला.

दुसऱ्या महायुद्धात जपान होरपळून निघाला. युद्धानंतर मोटारी करायच्या, तर नव्याने शिकणे भाग होते. 1952 मध्ये निसानने इंग्लंडच्या ऑस्टिन कंपनीशी करार केला आणि तिच्या गाड्या जपानात बांधायला सुरुवात केली. आता हे नीट ध्यानात घ्या. ऑस्टिनचे सुमारे दीड लिटरचे इंजिन होते. निसानने त्यातल्या दट्ट्याची वर-खाली होणारी धाव कमी केली आणि त्याच घडणीचे 988 घन सेंटिमीटरचे लहान इंजिन तयार केले. ते 1957 च्या डॅटसन 210 या गाडीत बसवले. म्हणजे दुसऱ्याचे इंजिन घ्यावे, समजून घ्यावे आणि आपल्या गरजेप्रमाणे बदलावे, ही विद्या या घराण्यात पहिल्यापासूनच आहे.

1958 मध्ये याच 210 गाड्या ऑस्ट्रेलियाला प्रदक्षिणा घालणाऱ्या एका खडतर शर्यतीत उतरल्या आणि त्यांतल्या एकीने आपल्या वर्गात विजय मिळवला. या पथकाचे प्रमुख होते युताका कातायामा. 1909 साली जन्मलेला हा गृहस्थ मोटारींचा मोठा दर्दी होता. 1960 मध्ये कंपनीने त्यांना अमेरिकेत पाठवले. त्या वेळी जपानी माल म्हणजे स्वस्त आणि तकलादू, असा तिकडे समज होता. जी पाहताच मनात भरेल, वेगाने धावेल आणि तरीही शिक्षकाला किंवा कारकुनाला परवडेल, अशी गाडी हवी, असा कातायामांनी कंपनीकडे धोशा लावला.

ती गाडी 1969 च्या ऑक्टोबरात जपानात जाहीर झाली. तिकडे तिचे नाव 'फेअरलेडी झेड'. कातायामांना हे नाव काही पटेना. अमेरिकेत ते काढून टाकून त्यांनी साधे '240 झेड' केले. यातले 240 म्हणजे 2.4 लिटरचे इंजिन. सहा नळकांडी एका ओळीत, दोन कार्ब्युरेटर, 151 अश्वशक्ती. गाडीचे वजन हजार किलोपेक्षा थोडेसेच जास्त, वेग ताशी सुमारे 200 किलोमीटर. किंमत 3,526 डॉलर. तशा तोडीच्या युरोपीय गाड्या याहून कितीतरी महाग होत्या. 1978 पर्यंत या घडणीच्या पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. स्वस्त आणि तकलादू हा शिक्का पुसून निघाला.

या गाडीच्या कीर्तीत भारतीय वंशाच्या एका माणसाचाही वाटा आहे, बरे का. पूर्व आफ्रिकेतली सफारी शर्यत म्हणजे चिखल, धूळ आणि खड्डे यांची हजारो किलोमीटरची कसोटी. 1971 मध्ये ती 240 झेडने जिंकली, आणि 1973 मध्ये पुन्हा जिंकली. 1973 चा विजेता होता शेखर मेहता. युगांडात जन्मलेला आणि पुढे केनियात स्थायिक झालेला हा चालक. पुढे त्याने ही शर्यत आणखी चार वेळा जिंकली.

आता इंजिनाच्या बदलाकडे वळू. हौशी लोकांनी गाडीला हात लावण्याआधी खुद्द कारखान्यानेच हा उद्योग केला होता. जपानात तेव्हा 2,000 घन सेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या गाडीवर जबर कर बसे. म्हणून स्वदेशातल्या फेअरलेडीला सुरुवातीला दोनच लिटरचे इंजिन होते. पण 1966 मध्ये निसानमध्ये प्रिन्स ही दुसरी मोटार कंपनी विलीन झाली होती. प्रिन्सच्या इंजिनियरांनी शर्यतीच्या गाडीचा अनुभव घेऊन दोन लिटरचे एक जातिवंत इंजिन घडवले. ते प्रथम 1969 च्या स्कायलाइन जीटी-आर या गाडीत गेले. तेच उचलून फेअरलेडीत बसवले आणि तिचे नाव ठेवले झेड 432. या आकड्याची फोड मुलांना सांगण्यासारखी आहे : दर नळकांड्याला 4 झडपा, एकूण 3 कार्ब्युरेटर आणि 2 कॅमशाफ्ट. अशा सुमारे 420 गाड्याच निघाल्या.

अमेरिकेत मात्र निराळेच वारे वाहत होते. 1970 च्या कायद्याने मोटारींच्या धुरावर कडक बंधने आली. 1973 मध्ये तेलाचे संकट आले. पुढची 260 झेड, आणि तिच्यामागून 1975 ची 280 झेड, या गाड्या वजनाने वाढत गेल्या आणि पहिलीची चपळाई कमी झाली. तेव्हा हौशी लोकांची नजर शेव्हरोलेच्या आठ नळकांड्यांच्या इंजिनाकडे गेली. 1955 पासून निघालेले हे इंजिन अमेरिकेत गावोगावी मिळत होते. मोडक्या गाड्यांच्या अड्ड्यावर स्वस्तात मिळे, आणि त्याचे सुटे भागही मुबलक. त्याची नळकांडी चार-चार अशा दोन रांगांत, इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी. त्यामुळे ते रुंदीला जास्त, पण लांबीला आखूड. झेडचे नाक पडले लांबलचक. इंजिन मागे सरकवून बसवले की ते तिच्यात बेताने मावते. 5.7 लिटरचे इंजिन हजार किलोच्या गाडीत! परिणाम काय होत असेल, त्याची कल्पना करा.

पण हे काम नुसते जागा आहे म्हणून होत नाही. आपल्या बैलगाडीचेच उदाहरण घ्या. हलक्या बैलांसाठी बांधलेल्या गाडीला खिलारी जोडी जुंपली आणि ती चौखूर उधळली, तर आधी काय मोडेल? जू मोडेल, आस वाकेल, नाहीतर चाकाची धाव निखळेल. मोटारीचेही तसेच. इंजिन टेकवायचे आधार नव्याने करावे लागतात. त्याच्या जोडीला त्याला साजेसा गिअरबॉक्स लागतो. मागच्या चाकांकडे शक्ती नेणारा दांडा नव्या मापाचा करावा लागतो. मूळ डिफरन्शियल त्या ओढीपुढे टिकत नाही, म्हणून 280 झेडचा दणकट डिफरन्शियल आणून बसवतात. उष्णता जास्त, तेव्हा रेडिएटर मोठा हवा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ब्रेक. 240 झेडला पुढे डिस्क आणि मागे जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक होते. पळण्याची शक्ती दुप्पट केली आणि थांबण्याची शक्ती होती तेवढीच ठेवली, तर तो मरणाला दिलेला सांगावाच म्हणायचा. शहाणा कारागीर आधी ब्रेक बदलतो, मग इंजिनाला हात घालतो.

काही लोकांना परके इंजिन नको असते. त्यांनी घरातल्या घरात सोयरीक जमवली. 240, 260 आणि 280 या तिन्ही झेडची इंजिने एकाच वंशातली. मोठ्या बहिणीचे 2.8 लिटरचे इंजिन धाकटीत फारसा खटाटोप न करता बसते. त्याहून नवल पुढेच आहे. याच वंशातले एक डिझेल इंजिन निसानने केले होते. त्यातल्या क्रँकमुळे दट्ट्याची धाव 83 मिलिमीटर होते. पेट्रोल इंजिनात ती 79 च होती. तो डिझेलचा क्रँक पेट्रोल इंजिनात घातला आणि नळकांडी 89 मिलिमीटरपर्यंत रुंद केली, की 2.8 चे 3.1 लिटर होतात. वर्गात वर्तुळाचे क्षेत्रफळ शिकवणाऱ्या शिक्षकांनी हा हिशेब फळ्यावर जरूर करून दाखवावा. त्रिज्येचा वर्ग, गुणिले पाय, गुणिले धाव, गुणिले सहा नळकांडी. उत्तर सुमारे 3,098 घन सेंटिमीटर येते. 1989 नंतर स्कायलाइनच्या नव्या जीटी-आरचे, दोन टर्बो असलेले 2.6 लिटरचे इंजिनही पुष्कळांनी जुन्या झेडमध्ये बसवले. 432 ची परंपराच म्हणायची ही.

हे सारे परदेशात घडते, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. तर मुंबईच्या कुर्ल्याकडे पाहा. तेथल्या प्रीमियर कंपनीने 1985 मध्ये '118 एनई' नावाची मोटार काढली. तिचा सांगाडा इटलीच्या फियाट 124 चा, आणि पोटात इंजिन निसानचे, 1,171 घन सेंटिमीटरचे. नावातले 'एनई' म्हणजे निसान इंजिनच. इटालियन अंग, जपानी काळीज आणि मराठी मुलखातल्या कामगारांचे हात! ही गाडी आपल्यापैकी अनेकांनी रस्त्यावर पाहिली असेल. पण तिच्यातला हा संगम किती जणांच्या ध्यानात आला?

अर्थात कारखान्याने पारखून केलेला बदल वेगळा आणि कोणी घरी मनास येईल तसा केलेला वेगळा. आपल्याकडे 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम आहे. उत्पादकाने ठरवलेला जो तपशील नोंदणीपत्रात असतो, त्याच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. जपानातही 1951 च्या कायद्याप्रमाणे गाड्यांची ठराविक मुदतीने तपासणी होते, आणि इंजिनाचा प्रकार बदलला तर कागदपत्रेही बदलून घ्यावी लागतात. यात सरकारी जाच नाही. समोरून सायकलवर येणाऱ्या माणसाच्या जिवाचा तो प्रश्न आहे.

आता मूळ प्रश्नावर येतो. इंजिन बदललेली ती गाडी 240 झेडच राहिली काय? 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला असेच कोड्यात टाकतो. रथ म्हणजे त्याची आस काय? चाके काय? जू काय? एकेक भाग वेगळा केला तर रथ कशातच सापडत नाही. नागसेनाचा हेतू तत्त्वज्ञानाचा होता. बाजाराला मात्र असले कोडे पडत नाही. 2020 च्या जानेवारीत अमेरिकेत 1971 मॉडेलची, फारशी न वापरलेली, मूळ स्थितीतली एक 240 झेड लिलावात 3,10,000 डॉलरला गेली. ज्यांनी मूळ इंजिने अडगळ म्हणून फेकली, त्यांना हा आकडा वाचून काय वाटले असेल?

पण किमतीपेक्षा मोठी गोष्ट पुराव्याची आहे. इतिहासाच्या माणसाला जुनी गाडी म्हणजे ताम्रपटासारखी असते. सांगाड्यावर एक क्रमांक असतो, इंजिनावर दुसरा असतो. कोणते इंजिन कोणत्या सांगाड्याबरोबर कारखान्यातून निघाले, ते त्यांवरून कळते. क्रमांक घासून टाकले, इंजिन भंगारात दिले, की ताम्रपटावरची अक्षरे पुसली गेली. मग कितीही पैसा ओता, ती परत येत नाहीत.

म्हणून काय कोणी काही बदलूच नये? तसे मी म्हणणार नाही. ऑस्टिनचे इंजिन बदलले नसते तर 210 झाली नसती. प्रिन्सचे इंजिन उचलले नसते तर 432 झाली नसती. ज्या गाडीचा पत्रा गंजला आहे, जिचे इंजिन फुटले आहे, ती कोपऱ्यात सडत पडण्यापेक्षा दुसऱ्या इंजिनावर धावलेली बरी. पाच लाखांतल्या काही हजार बदलल्या, म्हणून इतिहास बुडत नाही. पण 420 तली एक कापली तर मोठाच तुकडा जातो. तेव्हा बदल करणाऱ्याने आधी आपल्या हाताशी काय आहे ते ओळखावे. मूळ सांगाडा न कापता, पुन्हा पूर्ववत करता येईल असाच बदल करावा. उतरवलेले इंजिन तेल लावून, गुंडाळून जपून ठेवावे. आणि काय काढले, काय बसवले, कोणत्या तारखेला, हे एका वहीत लिहून ठेवावे.

शिक्षकबंधूंना माझी एक विनंती आहे. गावात एखादे जुने तेलाचे इंजिन असेल, उसाचा चरक असेल, पहिल्या एस. टी. च्या काळातली एखादी मोडकी गाडी असेल, तर मुलांना घेऊन तिच्याजवळ जा. तिच्यावरचे क्रमांक आणि कारखान्याचे नाव मुलांना उतरवून घ्यायला सांगा. मूळचा भाग कोणता आणि मागाहून बसवलेला कोणता, हे त्यांनाच शोधू द्या. एखादा म्हातारा मिस्त्री भेटला तर त्याला बोलते करा आणि तो सांगेल ते लिहून घ्या. कारण यंत्राचा पत्रा शंभर वर्षे टिकेल कदाचित, पण त्याची हकीकत सांगणारा माणूस तितका टिकत नाही.