तेरची तरंगती वीट

वीट पाण्यांत टाकली कीं ती तळ गांठावयाची, हा सर्वांचा नित्याचा अनुभव आहे. परंतु धाराशिव जिल्ह्यांतील तेर या गांवीं प्राचीन देवळांच्या बांधकामांत अशा विटा आढळल्या आहेत कीं, त्या पाण्यावर लांकडासारख्या तरंगतात. पाहणारा प्रथम चमत्कार मानतो. पण यांत मंत्र नसून तंत्र आहे, आणि तें कुंभाराच्या अंगणांत जन्मलेलें आहे.

तेरणेच्या कांठीं वसलेलें हें गांव म्हणजेच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथांत तगराचा निर्देश आहे. पैठणाहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हें नगर असून, तेथील जाडेंभरडें कापड व तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून बिकट वाटांनीं भडोच बंदरास जाई, असें तो ग्रंथकार सांगतो. हें तगर कोणी देवगिरीस तर कोणी जुन्नरास शोधीत. १९०१ सालीं फ्लीट या पंडितानें तें तेर होय असें साधार प्रतिपादिलें.

वीट तरंगण्याचें कारण सोपें आहे. माती मळतांना तींत भाताचें तूस भरपूर मिसळावयाचें. वीट भट्टींत भाजली कीं तूस जळून जातें आणि त्याच्या जागीं असंख्य सूक्ष्म पोकळ्या राहतात. त्यांत हवा सांठते, आणि तेवढ्याच आकाराच्या पाण्यापेक्षां वीट हलकी होते. अशी वीट भरीव विटेइतका भार सोसत नाहीं, हें खरें. पण जेथें वजन कमी हवें तेथें ती फार उपयोगी. तेलंगणांतील १२१३ सालच्या रामप्पा देवालयाचें शिखरहि अशाच हलक्या विटांचें आहे. व्हिट्रुव्हिअस व प्लिनी या रोमन ग्रंथकारांनीं स्पेन व आशिया मायनर येथील तरंगत्या विटांचें वर्णन केलें आहे. परंतु तेथील मूळची मातीच सच्छिद्र होती. ज्याला तशी माती लाभली नाहीं, त्यानें तुसासारख्या टाकाऊ वस्तूकडून तें काम करून घेतलें.

याच बुद्धीचे आणखी दोन नमुने तेरला सांपडले आहेत. एक म्हणजे पांढऱ्या शाडूसारख्या मातीच्या बाहुल्या. पुढचा व मागचा असे दोन साचे करून, दोन्हीं अर्धीं जोडून, आंतून पोकळ मूर्ति घडवावयाची. त्यामुळें माती वांचे आणि भाजतांना मूर्ति तडकत नसे. दुसरा नमुना मातीच्या ‘नाण्यांचा’. रोमन सोन्याचें नाणें ज्याला परवडत नव्हतें, त्याच्यासाठीं कारागिरानें त्या नाण्याचा ठसा मातींत उठविला आणि ओंवण्यासाठीं त्यास भोंक ठेवलें. सम्राटाची मुद्रा अशा रीतीनें गरिबाच्या गळ्यांतला दागिना झाली.

या वस्तू आज पाहावयास मिळतात त्याचें मोठें श्रेय रामलिंगप्पा लामतुरे या तेरच्याच गृहस्थांस आहे. इतरांस जीं खापरें वाटलीं, तीं त्यांनीं वेंचून जपलीं. त्यांच्याच नांवाचें शासकीय वस्तुसंग्रहालय गांवांत उभें आहे.

या कारागिरांपैकीं एकाचेंहि नांव इतिहासास ठाऊक नाहीं. राजांनीं ताम्रपट कोरविले, व्यापाऱ्यांनीं लेण्यांवर दानलेख लिहविले. तूस किती घालावें व आंच किती द्यावी हें मात्र कोणीं लिहून ठेवलें नाहीं. तें ज्ञान हातांतून हातांत गेलें, आणि हात थांबले तेथें तेंहि थांबलें. पुढें याच गांवीं संत गोरोबा कुंभार झाले. मडकें भाजलें कीं कच्चें, हें थापटण्यानें ठोकून ओळखावें, त्याप्रमाणें त्यांनीं संतमंडळीचीं डोकीं पारखलीं आणि नामदेवांस कच्चें ठरविलें, अशी कथा महाराष्ट्रांत घरोघर सांगितली जाते. तेरच्या मातीनें एका कुंभाराचें नांव अमर केलें. त्याच्या आधींच्या कित्येक पिढ्यांची ओळख पटवावयास पाण्यावर तरंगणारी ती वीटच काय ती उरली आहे.