भोपाळ : बियाँड जेनोसाइड

भोपाळ वायुदुर्घटनेवरील स्वतंत्र माहितीपट (१९८६). दिग्दर्शन सुहासिनी मुळे, तपन बोस व सलीम शेख यांचे. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट वायू गळला. पीडितांची त्यानंतरची परवड हा चित्रपटाचा विषय. व्यवस्थेला न जुमानणारा सिनेमा आपल्याकडे वाढला तो जनआंदोलनांच्या आसऱ्याने.

मुळे (जन्म १९५०, पाटणा) या माहितीपटकार विजया मुळे यांच्या कन्या. ‘भुवन शोम’ची (१९६९) नायिका म्हणून लोक त्यांना ओळखतात, पण कॅमेऱ्यामागचे त्यांचे काम अधिक धाडसी. भागलपूरच्या अंधीकरण प्रकरणावरील ‘अ‍ॅन इंडियन स्टोरी’ (१९८१) हा माहितीपटही बोस यांच्यासह केलेला.

भोपाळच्या चित्रपटाला सुवर्णकमळ मिळाले, सेन्सॉरने ‘यू’ प्रमाणपत्रही दिले. दूरदर्शनने मात्र प्रक्षेपण नाकारले : म्हणे विषय शिळा झाला, शिवाय वातावरण तापेल. एकाच विषयाला शिळा आणि स्फोटक ठरवण्याची ही किमया सरकारी कचेरीलाच साधावी. निर्मात्या सिनेमार्ट फाउंडेशनने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागून निकाल मिळवला. केंद्र सरकारचे त्यावरचे अपील सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलै १९९२ रोजी फेटाळले.