शाई, प्रकाश, वीज, आवाज: बोटाच्या ठशाची गोष्ट

हा एपिसोड लावायला तुम्ही फोन उघडलात, तो बहुतेक अंगठ्यानंच. त्या अर्ध्या सेकंदामागची गोष्ट सुरू होते बंगालमध्ये, १८५८ साली.

जंगीपूरचा इंग्रज अधिकारी विल्यम हर्शेल रस्त्याच्या मालाचा करार करत होता. कंत्राटदार राज्यधर कोनाई उद्या 'ही सही माझी नाही' म्हणाला तर? म्हणून हर्शेलनं त्याच्या हाताला शाई लावून कागदावर ठसाच घेतला. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्यात फिंगरप्रिंट ब्यूरो निघाला. ठसे १,०२४ कप्प्यांत लावायची पद्धत बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा हात होता. नाव मात्र लागलं साहेबाचं, एडवर्ड हेन्रीचं.

मग शाई गेली, स्कॅनर आले.

पहिला, ऑप्टिकल. काचेखालून प्रकाश टाकायचा. कातडीची रेघ काचेला टेकते तिथं काळं, खाच असते तिथं उजळ. थोडक्यात, फोटोच.

दुसरा, कपॅसिटिव्ह. २०१३ च्या आयफोन ५एसमध्ये हाच होता. रेघ आणि खाच यांच्यातला विद्युतभाराचा फरक तो मोजतो, त्यामुळे नुसत्या फोटोला भुलत नाही. तरी जर्मनीच्या केऑस कम्प्युटर क्लबनं फोन बाजारात आल्यावर काही दिवसांतच नकली ठशाच्या पापुद्र्यानं तो उघडून दाखवला.

तिसरा, अल्ट्रासॉनिक. २०१९ च्या गॅलेक्सी एस१० मध्ये आला. हा ध्वनिलहरी सोडतो आणि परत येणाऱ्या लहरींवरून बोटाचे उंचसखल भाग ओळखतो. ओलसर बोटही चालतं. पण त्याच वर्षी काही सिलिकॉन कव्हरं लावली की भलत्याच्याच बोटानं फोन उघडायला लागला. सॅमसंगला अपडेट द्यावं लागलं.

आता आपल्याकडे. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबारच्या टेंभलीत देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. आज रेशन दुकानातही अंगठा लागतो. तिथली मशीनं बहुतेक ऑप्टिकल. माझ्या आजीनं आयुष्यभर खुरपणी केली. तिच्या बोटावरच्या रेघा झिजल्यात, कातडी कोरडी पडलीय. काचेला टेकायला काही उरलंच नाही, तर मशीन वाचणार काय? 'आजी, बोट पुसा, परत ठेवा.' चार वेळा.

हर्शेलला भीती होती, माणूस नाही म्हणेल. आज आजी म्हणते 'मीच आहे रे', आणि मशीन नाही म्हणतं.

मी कोड लिहितो, म्हणून सांगतो: ठसा न जुळणं म्हणजे माणूस खोटा असणं नव्हे. ओटीपी, डोळ्यांचं स्कॅन, नाहीतर साधं रजिस्टर, असा दुसरा रस्ता प्रत्येक काउंटरवर हवाच. घरी कुणाचा अंगठा लागत नसेल, तर पुढच्या वेळी सोबत जा.

भेटू पुढच्या भागात!