ठेका कुणी धरायचा?

लॅपटॉपला स्पीकर जोडलेत, चार्जर लावला आणि गाण्यामागे बारीक घूं सुरू झाली. चार्जर काढला की गायब. फाइल तीच, मग आवाज का बदलला?

१९८२च्या ऑक्टोबरमध्ये सोनीचा पहिला सीडी प्लेअर जपानमध्ये विक्रीला आला. सीडीवर आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० आकडे. आकडे झिजत नाहीत, तेव्हा आवाजही बिघडणार नाही, असं वाटलं. पण आकड्याइतकीच त्याची वेळ महत्त्वाची असते. तबलजीने बोल बरोबर वाजवले, पण मात्रा मागेपुढे पडल्या, तर ठेका डळमळतोच. आकड्याचा आवाज होण्याचा क्षण असा सरकणं म्हणजे जिटर.

प्लेअर आणि डीएसी, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारं यंत्र, वेगळ्या डब्यांत गेल्यावर एकाच तारेतून आकडेही जाऊ लागले आणि घड्याळाची टिकटिकही. १९९२ साली ख्रिस डन आणि माल्कम हॉक्सफर्ड यांनी दाखवलं की तारेच्या मर्यादेमुळे खुद्द आकडेच ही टिकटिक हलवतात. तोशिबाची प्रकाशाची तार १९८३पासून होती. प्रकाशातून वीज वाहत नाही, त्यामुळे घूं तुटली. पण ठेका पाठवणाऱ्याकडेच राहिला.

मग संगीत कॉम्प्युटरवर आलं. १९९८च्या यूएसबी ऑडिओ मानकात ठेका ठरवण्याच्या वेगवेगळ्या रीती होत्या. सुरुवातीची बरीच यंत्रं कॉम्प्युटरच्या लयीमागे धावत, आणि कॉम्प्युटर तर एकाच वेळी शंभर कामांत गुंतलेला. दुसऱ्या, ‘असिंक्रोनस’ रीतीत डीएसीच ठेका धरतो आणि कॉम्प्युटरकडे हवे तेवढे आकडे मागतो. पुढच्या दशकात ही रीत रुजली आणि जुनं भांडण बरंचसं मिटलं.

बाजाराने मात्र ते मिटू दिलं नाही. महागड्या यूएसबी तारा आजही जिटरची भीती दाखवून विकल्या जातात. डॉल्बीच्या बेंजामिन आणि गॅनन यांनी १९९८मध्ये केलेल्या चाचण्यांत, संगीत ऐकताना २० नॅनोसेकंदांखालचा जिटर कुणालाच ओळखता आला नाही. आजचे चांगल्या बनावटीचे साधे डीएसीही याच्या कितीतरी खाली असतात.

घूं मात्र खरी आहे, आणि तिचा उपाय स्वस्त. लॅपटॉप आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावून पाहा, किंवा बॅटरीवर ऐका. फक्त घूं घालवायला अर्थिंगची पिन काढू नका. ती गाण्यासाठी नाही, तुमच्या जिवासाठी आहे.