लिंगाणा (किल्ला)

लिंगाणा हा महाराष्ट्रातील रायगड जिल्ह्याच्या महाड तालुक्यात, पुणे जिल्ह्याच्या सीमेलगत असलेला गिरिदुर्ग आहे. रायगड व तोरणा या किल्ल्यांच्या दरम्यान, सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटलेल्या सुळक्यावर तो असून त्याची उंची सुमारे २,९७० फूट आहे. शिवकाळात त्याचा उपयोग कारागृह म्हणून केला जात असे.

भौगोलिक रचना

शिवलिंगासारख्या आकारावरून किल्ल्यास हे नाव पडले. पूर्वेस रायलिंग पठार असून दोहोंमध्ये अरुंद खिंड आहे. पश्चिमेस काळ नदीचे खोरे व त्यापलीकडे रायगड आहे. माथा अतिशय निमुळता असल्यामुळे तेथे वस्तीस जागा नाही. गुहा व पाण्याची टाकी माथ्याखालच्या कड्यातच खोदलेली आहेत.

इतिहास

इ.स. १६५६ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी चंद्रराव मोरे यांचा पराभव करून जावळी व रायरी घेतली. त्यानंतर हा किल्ला उभारला गेला, असे मानले जाते. इ.स. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी २३ किल्ले मोगलांना दिले व १२ स्वतःकडे राखले. राखलेल्या किल्ल्यांत लिंगाण्याचा समावेश होता. मे १८१८ मध्ये रायगड पडल्यावर या परिसरावर इंग्रजांची सत्ता आली.

कारागृह

येथे तटबंदीचे काम कडेच करीत. कैद्यांना गुहांमध्ये ठेवून दोर व शिड्या काढून घेत, असे सांगितले जाते. पहारेकऱ्यांचे जीवनही फारसे निराळे नव्हते. टाक्यांतील पाण्यावर त्यांचीही भिस्त असे, आणि शिधा त्याच बिकट वाटेने वर आणावा लागे. जगदीश्वर मंदिराच्या परिसरातून लिंगाणा स्पष्ट दिसतो. त्यामुळे राजधानीत वावरणाऱ्यांच्या नजरेसमोर हे कारागृह कायम असे.

सद्यःस्थिती

पूर्वीच्या खोदीव पायऱ्या नष्ट झाल्या असून आज दोर व प्रस्तरारोहणाच्या साधनांवाचून वर जाता येत नाही. घाटमाथ्यावरील मोहरी गावातून बोराट्याच्या नाळेने खिंडीत पोहोचता येते. कोकणातून पाने गावामार्गे लिंगाणा माचीवर जाता येते. पावसाळ्यात कातळ निसरडा होतो. येथे गिर्यारोहकांचे जीवघेणे अपघात झाले असल्याने अनुभवी मार्गदर्शकाशिवाय चढाई करणे धोक्याचे आहे.