हातमोजे विकणारी कवयित्री

इंग्लंडमधल्या बाथ या गावाचं नाव काढलं, की आपल्याकडच्या वाचकाला जेन ऑस्टिन आठवते. १८०१ ते १८०६ या काळात ती तिथे राहिली, तिच्या दोन कादंबऱ्यांमधला बराचसा भाग त्याच गावात घडतो. मला मात्र आज तिच्या शंभर वर्षं आधी तिथे दुकान थाटून बसलेल्या एका बाईविषयी बोलायचं आहे. तिचं नाव मेरी चँडलर. ती फिती, लेस, हातमोजे असला बायकांचा नटण्यामुरडण्याचा माल विकायची आणि कविता लिहायची.

बी.ए.ला माझा इंग्रजी विषय होता. अठराव्या शतकातला अलेक्झांडर पोप आम्हाला परीक्षेपुरता शिकवला गेला. मेरीचं नाव वर्गात कुणी घेतलं नाही, आणि खरं सांगायचं तर आमच्या प्राध्यापकांनाही ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. ती मला पुष्कळ वर्षांनी भेटली, रॉजर लॉन्सडेल यांनी १९८९ साली काढलेल्या त्या शतकातल्या कवयित्रींच्या संग्रहात. पुस्तक चाळताना मी तिच्यापाशीच थांबलो, याचं कारण घरगुती आहे. माझ्या अब्बांचं तालुक्याच्या गावी लेस, बटणं, दोऱ्यांची रिळं असं दुकान होतं. शाळा सुटल्यावर मी गल्ल्यावर बसायचो आणि बिलाच्या पाठीमागे ओळी जुळवायचो. अब्बांची त्याला हरकत नव्हती. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की गिऱ्हाईक आलं की कागद उलटा करून ठेवायचा.

आता बाथविषयी थोडं. तिथे जमिनीतून सुमारे ४५ अंश सेल्सियसचं पाणी वर येतं, रोज दहा लाख लिटरहून जास्त. रोमन लोकांनी त्यावर स्नानगृहं बांधली होती. पुढे गाव लहानसंच राहिलं. १७०२ आणि १७०३ साली ॲन राणी तिथे पाण्यासाठी येऊन गेली आणि गावाचं नशीब उघडलं. संधिवाताचे, पोटाच्या दुखण्याचे रोगी यायचे, त्यांच्यामागून जुगारी, लग्नाच्या मुली, त्यांच्या आया यायच्या. बो नॅश नावाच्या एका शौकिनाने नाचगाण्याचे आणि वागण्याबोलण्याचे नियम घालून दिले. पाणी पिण्यासाठी १७०६ साली पंप रूम उभी राहिली. सकाळी मंडळी गळ्यापर्यंत कुंडात उभी राहायची, मग तेच झऱ्याचं पाणी पेल्यातून प्यायची, आणि संध्याकाळी नाचायची.

मेरीने दुकान टाकलं ते साधारण १७०५ साली. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. तिचे वडील राजमान्य चर्चच्या बाहेरच्या पंथाचे धर्मोपदेशक. अशा लोकांना ऑक्सफर्डची दारं बंद असत, सरकारी अधिकाराच्या जागाही अवघड. घरात पैसा बेताचा. तिचा भाऊ सॅम्युअल मात्र हॉलंडमधल्या लायडनपर्यंत जाऊन शिकला आणि पुढे नामांकित उपदेशक झाला. थोरल्या बहिणीला दुकान मिळालं. शिवाय तिच्या पाठीला बाक होता. ही मुलगी लग्नाच्या बाजारात टिकणार नाही, असा हिशेब घरात झाला असेल का? मला तसं वाटतं, एवढंच मी म्हणेन.

दुकानातून उसंत मिळाली की ती शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी कोडी रचायची, मैत्रिणींना पद्यात पत्रं लिहायची. पुढे १७३३ साली तिची ‘अ डिस्क्रिप्शन ऑफ बाथ’ ही लांब कविता छापून आली. (पुण्यात शनिवारवाडा बांधून होऊन तेव्हा वर्षच झालं होतं, म्हणजे काळाचा अंदाज यावा.) पहिल्या छपाईवर कवयित्रीचं नाव नव्हतं. १७३६च्या आवृत्तीत ते आलं, आणि कविता राजकन्या अमीलियाला अर्पण झाली. १७४४पर्यंत सहा आवृत्त्या निघाल्या, आणि तिच्या मृत्यूनंतर १७६७ साली आठवी. कवितेच्या पुस्तकाला आठ आवृत्त्या! आम्हा कवींना हा आकडा ऐकूनच घाम फुटतो.

कविता दोन-दोन यमकी ओळींची आहे, त्या काळी सर्रास चालायची तशी. तीत गरम झरे आहेत, मठाचं चर्च, नदी, फिरायच्या बागा आहेत, आणि पुस्तकविक्रेत्या लीकचं दुकानही आहे. शेवटी राल्फ ॲलन यांचं कौतुक. टपालाची व्यवस्था सुधारून हा गृहस्थ श्रीमंत झाला होता, आणि बाथची घरं ज्या पिवळसर दगडाची आहेत त्याच्या खाणी त्याच्याच.

स्पष्टच सांगतो, ही कविता मला पाहुण्यांना गाव दाखवावं तशी वाटली. सगळं छान, सगळे थोर. त्याच गावावर दुसऱ्या लोकांनी चावट, झोंबरी पद्यं लिहिली. मेरीच्या कवितेत कुणाची कुचेष्टा नाही. तिच्या सात्त्विक स्वभावाचा त्यात भाग असेलच. पण मला अब्बांचा तो उलटा केलेला कागद दिसतो. ज्यांची थट्टा करायची त्या बायका उद्या फिती घ्यायला येणार, आणि कदाचित उधारीवर.

तिची खरी कविता त्याच पुस्तकाच्या मागच्या पानांत आहे, लहान रचनांमध्ये. तिने स्वतःचा मृत्युलेख लिहून ठेवला, तोही हसत. आपण कुरूप आहोत, वय झालं आहे, हे दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत तिने स्वतःच म्हणून टाकलं. पोप तिच्याहून वर्षाने लहान, त्याच्याही पाठीला बाक होता. त्याचे शत्रू त्याच्या शरीराची चित्रं काढून विकायचे आणि तो उलटून त्यांना शब्दांनी सोलायचा. बाथला तोही येत असे, ॲलनचा पाहुणा म्हणून. मेरीने कुणाला सोललं नाही. विकण्याजोगं हत्यार तिने आधीच काढून घेतलं. ज्या गावी लोक शरीर दुरुस्त करायला येतात, तिथे चाळीस वर्षं वाकलेल्या पाठीने काउंटरमागे उभं राहून हे लिहिणं सोपं नव्हे. ‘मुसलमान असून काय छान मराठी लिहिता’ हे वाक्य मी तीस वर्षं ऐकतो आहे. त्यावर काय बोलावं हे मला अजून सुचलेलं नाही, म्हणून मला तिच्या या युक्तीचा हेवा वाटतो.

आणि मग तो पाहुणा. साठीचा एक श्रीमंत गृहस्थ तिची कविता वाचून ऐंशी मैलांवरून आला. दुकानात शिरला, हातमोज्यांचा एक जोड घेतला आणि लग्नाची मागणी घातली. मेरी तेव्हा चोपन्न वर्षांची. तिने नकार दिला आणि हा सगळा प्रसंग ‘अ ट्रू टेल’ या कवितेत सांगून टाकला. एवढा प्रवास कशासाठी, तर एका म्हाताऱ्या, वाकड्या बायकोसाठी, याचं तिला स्वतःलाच हसू येतं. केस पांढरे झाल्यावर प्रेमाची भाषा आपल्याला परकी वाटते, असंही ती म्हणते.

हा नकार विनोदात सांगितलेला असला तरी त्याच्यामागे कायदा उभा होता. त्या काळच्या इंग्लंडमध्ये लग्न झालं की बाईचा पैसाअडका, माल, कमाई नवऱ्याची व्हायची. सही तिची चालत नसे. तीसपस्तीस वर्षं मेहनतीने चालवलेलं दुकान एका ‘हो’मध्ये दुसऱ्याचं झालं असतं. ज्या दुकानाने तिला लांब कवितेत सगळ्यांचं गोड गोड बोलायला लावलं, असं मी मघाशी म्हटलं, त्याच दुकानाच्या जोरावर ती ऐंशी मैलांवरून आलेल्या श्रीमंताला परत पाठवू शकली. हे लक्षात आल्यावर मी तिची ती लांब कविता पुन्हा वाचली. आवडली असं नाही, पण पहिल्यासारखा कंटाळा आला नाही.

डॉक्टर जॉर्ज चेन यांच्या सल्ल्याने ती शाकाहारी झाली होती. ईश्वराच्या गुणांवर एक मोठी कविता तिने हाती घेतली होती, ती अपुरी राहिली. ११ सप्टेंबर १७४५ रोजी ती गेली. १७५३ साली कवींच्या चरित्रांचा एक ग्रंथ निघाला, त्यात सॅम्युअलने आपल्या बहिणीविषयी लिहिलं.

अब्बांना मी एकदा तो हातमोज्यांचा किस्सा सांगितला होता. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पैसे रोख दिले होते का त्याने?’